उंबराचा रकाना

अकरावीच्या प्रश्नपत्रिकेत मी एक प्रश्न हमखास घालायचे: पुढील वनस्पतींचे अपुष्प व सपुष्प असे वर्गीकरण करा. नेचा, शेवाळ, आंबा, गहू यांच्या यादीत मुद्दाम उंबर टाकलेला असे. मुलं मावळातली, डोळ्यांनी पाहिलेलं लिहिणारी. दर वर्षी कुणीतरी उंबर उचलून नेच्याशेजारी, अपुष्पांत नेऊन बसवायचं. नियमाप्रमाणे मी गुण कापायचे, पण लाल रेघ मारताना हात जरा हलका पडायचा. कारण उंबराला नेमकं तिथेच बसवणारी दोन मोठी माणसं मला माहीत होती. एक चरक, दुसरा लिनिअस.

माझं माहेर पुण्यात, सासर नवलाख उंबरे. तळेगाव दाभाडेहून इंद्रायणी ओलांडून उत्तरेला गेलं की हे गाव लागतं. लोणावळ्यासारखा कोसळणारा पाऊस इथे नाही, पण भातापुरता आहे. वनस्पतिशास्त्राची पदवी घेऊन मी इथे नांदायला आले तेव्हा गावाच्या नावातले नऊ लाख कुणी मनावर घेत नव्हतं. उंबर मात्र होते, ओढ्याकाठी, विहिरींच्या कडेला, बांधांवर. आणि हे झाड असं, की ज्यांनी ज्यांनी झाडांच्या याद्या केल्या त्यांच्यापैकी फार थोड्यांच्या रकान्यात ते एका दमात बसलं. म्हणून एखादी वर्गवारी कुणी आणि कशासाठी केली हे पाहायचं असलं, की तिच्यात उंबर कुठे ठेवलाय ते मी आधी बघते.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पहिल्याच अध्यायात, झाडापाल्याचे चार गट केले आहेत. फूल न येता फळतात त्या वनस्पती, फूल आणि फळ दोन्ही येतात ते वानस्पत्य, फळ पिकलं की मरतात त्या ओषधी आणि पसरत जातात त्या वीरुध. भात, गहू, नाचणी ओषधींत जातात. आंबा वानस्पत्यांत. वड आणि उंबर पहिल्या गटात. फूल दिसत नाही, फळ तर खोडाला घोसाघोसानं लगडलेलं, तेव्हा डोळस माणसानं दुसरं काय लिहावं?

पण याच ग्रंथात थोडं पुढे वैद्यकी वर्गवारी येते. अमुक काम करणारी दहा द्रव्यं एका जागी, असे पन्नास गट. त्यांत मूत्र रोखून धरणाऱ्या दहांमध्ये उंबर आहे, आणि तिथे त्याचे शेजारी आहेत जांभूळ, आंबा, वड, पिंपळ, पायरी, बिब्बा. मघाशी फुलावरून वेगळे काढलेले आंबा आणि उंबर इथे मांडीला मांडी लावून बसले. ग्रंथ एकच, झाडं तीच, फक्त प्रश्न बदलला. पहिल्या वेळी विचारलं होतं, हे वाढतं कसं? दुसऱ्या वेळी, हे करतं काय?

माझ्या सासूबाईंना आम्ही आत्या म्हणायचो. त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या. पहिल्या पावसाळ्यात बांधावरचं एक रोप उपटून मी विचारलं, "आत्या, ह्याला काय म्हणतात?" त्या म्हणाल्या, "तुला काय करायचंय त्याचं?" हा त्यांचा कायमचा उलटा प्रश्न. त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय त्या नावाकडे वळत नसत. रोप खायचं असेल तर एक गोष्ट, गुरांना घालायचं असेल तर दुसरी. त्यांच्याकडे खायचं, गुरांचं, सरपणाचं, राबाचं, औषधाचं आणि देवाचं, असे खाने होते. त्यांतलं राबाचं म्हणजे भाताच्या रोपासाठी जमीन भाजायला लागणारा पालापाचोळा आणि ऐन-किंजळीच्या छाटलेल्या फांद्या.

हे खाने ऋतूप्रमाणे बदलायचे. टाकळा पहिल्या पावसानंतर कोवळा असेतोवर भाजी, श्रावणाकडे तोच तण. फोडशी सुरुवातीचे थोडे दिवस जेवणात, मग नुसतं गवत. भाताच्या बाबतीत तर वर्गवारी फारच पक्की. हळवा, निमगरवा, गरवा. लवकर पिकणारा हळवा उंचावरच्या, पाणी न धरणाऱ्या खाचरात. उशिरा पिकणारा गरवा खालच्या, दलदलीच्या खाचरात. भाताच्या ओंबीचं रूप, दाण्याचा रंग, वास हे सगळं त्यानंतर. वनस्पतिशास्त्राच्या लेखी हे सगळे प्रकार एकच जाती, ओरायझा सटायव्हा. मात्र हळवा आणि गरवा यांची अदलाबदल केली तर शास्त्राचं काही बिघडत नाही, घरातलं वर्षाचं धान्य जातं.

उंबर आत्यांच्या एका खान्यात कधी मावला नाही. पिकलेलं फळ पोरांचं आणि पाखरांचं. कच्च्या फळाची भाजी. पाला शेळ्यांना. गालगुंड झालं की गालाला चीक. आणि दत्ताचं झाड म्हणून चुलीत त्याचं लाकूड घालायचं नाही. पाच खान्यांत नाव असल्यामुळे एकाही खान्यासाठी तो तुटला नाही. बांधावरचे उंबर टिकले त्यात भक्तीइतकाच या अडचणीचाही वाटा आहे, असं मला वाटतं.

आत्यांचा आणखी एक मोठा गट होता, चिकाची झाडं. वड, पिंपळ, उंबर, पायरी, फणस, रुई, चाफा. पहिली पाच आधुनिक शास्त्रातही एकाच कुळातली, मोरेसी म्हणजे तुतीच्या कुळातली. रुई आणि चाफा दुसऱ्या कुळातले, अपोसायनेसीतले. भिंगाशिवाय, नुसत्या बोटाला लागलेल्या चिकावरून सातात पाच नातेवाईक ओळखणं ही काही लहान गोष्ट नाही.

विहीर कुठे खणायची हे सांगणारा पाणाड्या उंबराकडे आणखी वेगळ्या नजरेनं पाहतो. सहाव्या शतकात वराहमिहिरानं बृहत्संहितेत जमिनीखालचं पाणी ओळखण्यावर एक अख्खा अध्याय लिहिला. पाण्याची खूण सांगणाऱ्या त्यातल्या झाडांत जांभूळ, अर्जुन, निर्गुडी आहेत आणि उंबरही आहे. तिथे झाडांचं नातं फुलावरून ठरत नाही, की गुणावरून नाही. मुळं कुठे पोहोचली आहेत यावरून ठरतं.

आता युरोपाची बाजू. कोचीचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हॅन रीड यानं 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करवला आणि तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापून निघाला. मलबारचे इट्टी अच्युतन वैद्य आणि तीन कोकणी ब्राह्मण, रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट, यांनी त्याला माहिती पुरवली. या तिघांनी 1675 साली दिलेला दाखला ग्रंथात देवनागरी अक्षरांत छापला आहे. चित्रांवरही लॅटिन, मल्याळम आणि अरबीच्या जोडीनं देवनागरी आहे. पहिल्याच खंडात 'अत्ति-आलु' या मलबारी नावानं आपला उंबर येतो, घोसांनी लगडलेल्या फांदीच्या चित्रासह.

लिनिअस कधी हिंदुस्थानात आला नाही. 1753च्या 'स्पिशीज प्लँटारम'मध्ये त्यानं उंबराला फायकस रेसिमोझा हे नाव दिलं, ते याच चित्राच्या आधारावर. नावाचा आधार म्हणून आजही तेच चित्र दाखवलं जातं. जगभरच्या उंबराची शास्त्रीय ओळख मलबारच्या एका फांदीवर आणि ती फांदी ओळखून सांगणाऱ्या देशी जाणकारांवर उभी आहे.

लिनिअसची पद्धत सोपी होती. फुलातले पुंकेसर मोजायचे, ते कसे जुळलेत ते पाहायचं आणि झाड चोवीसपैकी एका वर्गात टाकायचं. शिकाऊ मुलालाही जमावं अशी ही रीत होती आणि म्हणूनच ती जगभर पसरली. पण ज्याचं फूलच दिसत नाही त्याचं काय? त्यांच्यासाठी चोविसावा वर्ग, क्रिप्टोगॅमिया, जिथे लग्नं लपून लागतात. क्लिफर्ड नावाच्या डच सावकाराच्या बागेवर लिनिअसनं लिहिलेला ग्रंथ 1738 साली बाहेर आला. त्यात अंजीर-उंबरांची अख्खी प्रजाती या वर्गात, अश्वपुच्छ आणि नेच्यांच्या रांगेत आहे. माझ्या विद्यार्थ्यांनी केलं तेच. पुढे 1753च्या ग्रंथात त्यानं तिला तिथून हलवलं आणि तेविसाव्या वर्गाच्या अगदी शेवटी ठेवलं. पान उलटलं की चोविसावा सुरू. म्हणजे हलवली तीही उंबरठ्यापर्यंतच.

खरं काय ते पात्यानं उंबर उभा चिरला की दिसतं. ज्याला आपण फळ म्हणतो तो फुलांनी भरलेला बंद गोळा असतो. आतल्या भिंतीवर शेकडो फुलं असतात. बहुतेक मादी, तोंडाच्या छिद्राजवळ काही नर. त्या छिद्रातून एक इवलीशी माशी, सेराटोसोलेन फ्युसिसेप्स, आत घुसते. वाट इतकी अरुंद की पंख तुटून बाहेर राहतात. सोबत आणलेले पराग ती मादीफुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्या पिल्लांतले बिनपंखी नर आधी बाहेर पडतात, माद्यांना फळवतात आणि भिंतीला भोक पाडतात. त्या वाटेनं नव्या माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी. उंबर कोणता आणि वड कोणता, याचा निवाडा ही माशी आम्हा सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून करत आली आहे, आणि तिचा आधार फूलच आहे. "उंबराचं फूल झालास की!" असं आपण क्वचित भेटणाऱ्याला म्हणतो. प्रात्यक्षिकाच्या तासाला मी ते फूल भिंगाखाली ठेवायचे तेव्हा मुलांची रांग हलत नसे.

लिनिअसच्या नावानंही उंबराचा प्रश्न मिटला नाही. विल्यम रॉक्सबर्गनं पूर्व किनाऱ्यावरचा उंबर पाहून 1798 मध्ये त्याला फायकस ग्लोमेराटा म्हटलं. 1848 मध्ये मिकेलनं त्याला फायकसमधून काढून कोव्हेलिया नावाच्या वेगळ्या प्रजातीत घातलं. मग तो परत फायकसमध्ये आला, पण रॉक्सबर्गच्या नावानं. आधीचं नाव तेच खरं, या नियमानं रेसिमोझा पुन्हा रूढ व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. माझ्या जुन्या पुस्तकांत अजून ग्लोमेराटाच छापलेलं आहे.

आमच्या मुलखाची झाडं इंग्रजी पुस्तकांत गेली त्याला रस्ता आणि रेल्वे कारण. बोरघाटातून गाडीरस्ता 1830 मध्ये झाला आणि खंडाळा मुंबईकर साहेबांची थंड हवेची जागा बनली. मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहम फावल्या वेळात झाडं गोळा करी. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी यादी त्याची. ती छापून होत असतानाच, मे 1839 मध्ये, चौतिसाव्या वर्षाच्या आसपास तो खंडाळ्यात वारला. उरलेलं काम जोसेफ निम्मोनं पुरं केलं. खंडाळा ते पुणे रेल्वे 1858 मध्ये सुरू झाली आणि पाच वर्षांत घाटही जोडला गेला. त्यानंतरचे ग्रंथ चाळा. वनस्पतीच्या नावापुढे खंडाळा, लोणावळा, कार्ले ही ठिकाणं पुन्हा पुन्हा येतात. गाडी थांबते आणि बंगला मिळतो तिथल्या झाडांची नोंद आधी झाली.

दापोडीची सरकारी बाग 1828 ची, गव्हर्नर माल्कमच्या काळातली. पुढे तिचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरकडे होता. जुन्नरजवळ हिवऱ्याला त्यानं सोनामुखीसारखी औषधी झाडं लावली. 1847 मध्ये तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. डॅल्झेल आणि गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' 1861 चा. दापोडीच्या बागेतली सुंदर रंगीत चित्रं आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपून ठेवली आहेत. चित्रांवर झाडांची नावं आहेत, चित्रकाराचं नाव नाही.

मग थिओडोर कुक. हा खरा स्थापत्य अभियंता, पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचा प्राचार्य. निवृत्तीनंतर लंडनजवळच्या क्यू उद्यानात बसून त्यानं मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ लिहिला. तो 1901 ते 1908 मध्ये भागाभागानं निघाला. त्याच्या नोंदीत झाड कुठे आणि कुणी गोळा केलं ते असतं, आणि वाळवलेला नमुना कुकनं स्वतः पाहिला असेल तर नावापुढे उद्गारचिन्ह. वुड्रो! कानिटकर! गराडे! आणि भिवा! वुड्रो हा गणेशखिंडच्या बागेचा प्रमुख. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयातल्या रा. कृ. भिडे यांच्या आडनावावरून तर पुढे एका गवताच्या प्रजातीला भिडिया हे नाव मिळालं. भिवा मात्र नुसता भिवा. ते त्याचं नाव की आडनाव, हेही त्या नोंदीवरून कळत नाही. चिखल तुडवत, कड्यावरून फांदी ओढून घेत त्यानं नमुने आणले, क्यूच्या टेबलावर ते पाहिले गेले, आणि त्याची पावती म्हणून ते एक उद्गारचिन्ह.

कुकच्या ग्रंथात उंबर अर्टिकेसी कुळात आहे. बेन्थम आणि हूकर या जोडगोळीनं फुलातल्या एकाच अवयवाऐवजी सगळ्या लक्षणांचा मेळ घालून नैसर्गिक कुळं पाडली, त्यातलं हे. त्यात तुती, फणस, वड यांच्याबरोबर अंगाला लागताच आग करणारी आग्या आणि भांगही होती. उंबराच्या पंगतीला भांग पाहून आत्या खूप हसल्या असत्या. नंतरच्या शास्त्रज्ञांनी हे कुळ फोडलं. तुती, वड, फणस, उंबर मोरेसीत गेले, भांग आणि आग्या आपापल्या घरी. आणि 1998 पासून डीएनएच्या आधारानं नवी मांडणी झाली तेव्हा ही सगळी कुळं पुन्हा एकाच गणात, रोझेल्समध्ये, एकत्र आली. गुलाब आणि बोरही तिथेच. बेन्थम-हूकरनं घरं चुकीची पाडली असतील, वाडा बरोबर ओळखला होता.

या भागाचं सर्वांत बारकाईचं काम केलं ते हर्मेनेगिल्ड सांतापाव या स्पॅनिश जेझुइट पाद्रीनं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात ते शिकवत आणि खंडाळ्याच्या डोंगरांत हिंडत. त्यांचा खंडाळ्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1953 चा. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, भारताचे नागरिक होऊन इथेच राहिले आणि 1967 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. विद्यार्थ्यांना लोणावळ्याला नेताना माझ्या पिशवीत हेच पुस्तक असायचं.

आता सरकारी रकाने. महाराष्ट्राचा झाडं तोडण्याबाबतचा कायदा 1964 चा. त्याच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, खैर, चंदन, हिरडा, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, फणस अशी नावं आहेत. उंबर नाही. चुलत भाऊ फणस आहे, पण तो खाल्ला जातो, विकला जातो आणि त्याचं लाकूड चालतं. तळेगावची औद्योगिक वसाहत वाढली तशी आंबी, मंगरूळ, बधलवाडी आणि आमच्या गावच्या जमिनी तिच्यात गेल्या. जमीन जाते तेव्हा तिच्यावरच्या झाडांचं मूल्यांकन होतं. फळझाडाचा भाव त्याच्या उत्पन्नावर, इमारती लाकडाचा त्याच्या घेरावर. उंबराला फळ आहे पण बाजार नाही, लाकूड आहे पण ते मऊ. आत्यांच्या पाच खान्यांतलं झाड मूल्यांकनाच्या दोन रकान्यांच्या मधून निसटतं. चरकाला फूल दिसलं नाही, इथे भाव दिसत नाही.

मला ही तक्रार म्हणून मांडायची नाही. भूसंपादनाच्या कागदाला पैसे ठरवायचे असतात. त्यानं माशीचा विचार करावा अशी अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. कुकला नमुना ओळखायचा होता, लिनिअसला मोजायचं होतं, वैद्याला रोगी बरा करायचा होता, पाणाड्याला पाणी हवं होतं. प्रत्येकाचा रकाना त्याच्या कामाला पुरेसा. घोटाळा होतो तो एका कामाचा रकाना दुसऱ्या कामाला लावला की. बाजारभावाच्या यादीत नाव नाही म्हणजे झाडाचा उपयोग नाही, असं मानून चाललो की ओढ्याकाठचे उंबर जातात. त्यांच्याबरोबर, जी फळं एरवी काही नसतं तेव्हाही पाखरांना आणि वटवाघळांना मिळतात, तीही जातात. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला तो अशाच, कुठल्याच जमाखर्चात न धरलेल्या झाडीचा होता.

2002च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीनं लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. निवृत्त झाल्यापासून मी आसपासच्या गावांत या वह्या भरायला मदत करते. वहीत स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, कुठे आढळतं, कोणता भाग कशासाठी वापरतात, सगळ्याला जागा आहे. कुकचा प्रश्न आणि आत्यांचा प्रश्न एकाच ओळीत येतात. उंबराची ओळ लिहायला घेतली की ती नेहमी रकान्याबाहेर जाते, आणि मी ती जाऊ देते.

या वहीत माहिती देणाऱ्या जाणकारांची नावं नोंदवायलाही जागा असते. तिथे मात्र मी काटेकोर असते. टाकळा कधी खुडायचा, चीक कधी काढायचा हे सांगणाऱ्या बहुतेक बायका असतात आणि विचारल्यावर म्हणतात, "माझं कशाला, ह्यांचं लिहा." मी ह्यांचं लिहीत नाही. बाईचं स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, आणि पुढे वाडी. शंभर वर्षांनी कुणी ही वही उघडली तर त्याला नुसतं एक नाव आणि त्यापुढे उद्गारचिन्ह मिळायला नको.